पाच माणसांची चूल

१

बुधवारी सकाळी आठच्या सुमारास वच्छलाबाईंनी समाजमंदिरातली पत्र्याची पेटी उघडली, लाल कापडाचा बस्ता सोडला आणि मटकन खाली बसल्या. बस्त्यात घरांचा नकाशा होता, पण घरयादी नव्हती. तिच्या जागी घडी घातलेलं एक जुनं गोणपाट होतं.

घटकाभरात ही बातमी अख्ख्या बांबूपुऱ्यात पोचली आणि जो तो समाजमंदिराकडे धावत सुटला. धावायचं कारणही तसंच होतं.

चांद्याच्या परकोटाबाहेर, झरपट नदीच्या अंगाला बांबूपुरा वसला होता. वसला होता म्हणजे कोणी वसवला नव्हता. लाकडाच्या आरागिरण्या वाढल्या, कोळशाच्या खाणी वाढल्या, तशी मूल गावाकडची धानकापी माणसं आली, तळ्यात जाळं टाकणारे ढिवर आले, गडचिरोलीच्या रानातले गोंड आले, आणि मिळेल त्या कोपऱ्यात बांबूचे ताटवे, म्हणजे विणलेल्या तट्ट्या, रोवून, त्यावर शेणमाती लिंपून राहू लागले. एकावन्नच्या शिरगणतीत इथं चौसष्ट झोपड्या लागल्या होत्या. आता अठ्ठावन्नच्या चैत्रात एकशे अठ्ठेचाळीस चुली पेटत होत्या. जागा मात्र तेवढीच. एका ताटव्याच्या अलीकडे कोणी शिंकलं तर पलीकडचा त्याला काढा पाठवायचा, अशी दाटी. पण माणसं खमकी. रडत बसली नाहीत. त्यांनी आपली घर-मंडळी काढली, दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि बेचाळीस पक्क्या, स्वस्त घरांची योजना ओढून आणली. विटांच्या भिंती, वर कौलं, मागे न्हाणी!

अटी दोनच होत्या. कुटुंब एकावन्नच्या आधीपासून इथं राहणारं हवं आणि एका चुलीवर जेवणारी निदान पाच माणसं हवीत. शाळेत शिकवणाऱ्या वच्छलाबाईंनी दारोदार फिरून, माणूस मोजून, अंगठे घेऊन ती यादी केली होती. अटीत एकेचाळीस कुटुंबं बसली होती. उरलेलं एक घर कोणाला द्यायचं ते नागपूरचे साहेब ठरवणार होते. साहेब उद्या, गुरुवारी दुपारी बारा वाजता येणार होते. यादी नसेल तर योजना दुसऱ्या गावाला जाणार, हे त्यांनी पत्रात बजावलं होतं.

"एवढे अंगठे एका रात्रीत कुठून आणू मी?" वच्छलाबाईंचा आवाज चिरकला.

तोवर गर्दीनं चैतूला धरलं होतं. चैतू समाजमंदिराच्या ओसरीवर झोपणारा राखणदार. तो चारच वर्षांपूर्वी एटापल्लीकडून आलेला, त्यामुळे त्याचं नाव यादीत नव्हतं. लोकांना एवढं कारण पुरलं.

"याले घर भेटत नाई, म्हणून यानं आपलं घालवलं!" कोणीतरी ओरडलं. "हाकला याले!"

तेवढ्यात मागून एक शांत आवाज आला.

"थांबा बाप्पा. कुलूप कोणी पाह्यलं का?"

२

बोलणारे मनसारामभाऊ होते. उंच, काटकुळे, डोक्याला खादीची टोपी, काखेत छत्री. बत्तीस वर्षं त्यांनी चांदा जिल्ह्यात देवी टोचायचं काम केलं होतं. सुई आणि लसीची डबी घेऊन हा माणूस अशा रानात गेला होता, की जिथं वाघसुद्धा वाट विचारत जात असेल. मागच्या दिवाळीत ते निवृत्त झाले आणि बांबूपुऱ्यातल्या आपल्या एका खोलीत, एका चुलीपुढे, एकटेच राहिले. लग्न करायचं राहून गेलं होतं. विचारलं तर म्हणायचे, "फिरतीवर होतो जी." वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या दंडावर त्यांच्या हातचे तीन ठिपके होते, चुलीच्या तीन दगडांसारखे मांडलेले. इतर टोचणारे चार ठिपके एका ओळीत काढत. तीन ठिपके ही मनसारामभाऊंची सही होती.

त्यांनी पेटी पाहिली. कुलूप शाबूत होतं. किल्ली काल दुपारपासून वच्छलाबाईंच्या कमरेला होती.

"मंग चैतूनं राती पेटी उघडली कशी? यादी काल कुलूप लावायच्या आंधीच गेली. बाई, काल काय काय झालं ते नीट सांगा."

वच्छलाबाईंनी आठवून आठवून सांगितलं. काल दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर पक्की यादी वाचली. बाया खाली बसल्या होत्या, गडीमाणसं भिंतीला टेकून उभी होती. वाचून झाल्यावर यादी बस्त्यात गुंडाळली, आणि तेवढ्यात लोक म्हणाले, प्लॉट कुठून कुठवर ते दाखवा. बस्ता तिथंच ठेवून त्या बाहेर गेल्या. परत आल्या, बस्ता पेटीत टाकला, कुलूप लावलं.

"उघडून नाही पाहिला," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "माझंच चुकलं."

"तुमी दोन वर्सं चुकल्या नाई, एक घडी चुकल्या. जाऊ द्या." मनसारामभाऊंनी गोणपाट उलटंपालटं केलं. त्याला माणूस बसून बसून येते तशी चकाकी होती. "हे बसायचं गोणपाट होय. माणसं उभी होती म्हणता. म्हणजे यादी एखाद्या बाईनं नेली."

चैतूचा दंड धरलेला हात आपोआप सुटला.

"हात बाईमाणसाचा, डोकं दुसऱ्याचंच असते," मागून एकजण म्हणाला आणि सगळ्यांच्या नजरा बिरजूकडे वळल्या.

बिरजू म्हणजे ज्याच्या जमिनीवर निम्मा बांबूपुरा उभा होता, त्या मालकाचा मुकादम. घरं झाली तर त्याचे भाडेकरू उठून जाणार. शिवाय त्याची बायको काल वाचनाला आली होती, तीही गोणपाट घेऊनच.

बिरजूनं कानावर हात ठेवले. "मले तुमच्या कागदाशी काय करायचं आहे?"

पण त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो मनसारामभाऊंनी पाहिला.

३

मनसारामभाऊ एकटेच बिरजूच्या घरी गेले. ओसरीवर एक अनोळखी कुटुंब बसलं होतं. नवरा, बायको, सासू आणि दोन पोरं.

"माहा साडू," बिरजू घाईघाईनं म्हणाला. "पन्नास सालापासून इथीच राहून राह्यला, पोट्टे इथीच जन्मले. बाईंच्या यादीत त्याचं नाव राहून गेलं, म्हणून उद्या साहेबासमोर घालून घ्या म्हणतो."

मनसारामभाऊंनी थोरल्या पोराला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच बाही वर सारली. दंडावर चार ठिपके होते, एका ओळीत.

"बिरजू, हे लेकरू इथी जन्मलं म्हणते तू. इथी जन्मलेलं एकही पोट्टं माह्या सुईतून सुटलं नाई. जे सुटले ते..." त्यांनी बोट ठिपक्यांवर ठेवलं. "हे चार ठिपके माहे नाईत. याले दुसऱ्या गावी टोचलं हाये."

बिरजूचं तोंड उतरलं. बेचाळिसाव्या घरावर त्याचा डोळा होता, हे उघड झालं.

बाहेर वच्छलाबाई वाट पाहत उभ्या होत्या. "म्हणजे चोर तोच!"

"नाई बाई. खोटा हाये, पण चोर नाई. त्याले साडूचं नाव यादीत घुसवायचं होतं. यादीच गेली त नाव कुठी घुसवते? यादी राहावी असं आज बिरजूइतकं कोणालेच वाटत नसन." त्यांनी छत्री जमिनीवर टेकवली. "आन् दुसरं. योजना बुडवायची असती त चोरानं बस्त्यातला नकाशा नेला असता. सरकारी शिक्का त्याच्यावर हाये, दोन वर्सांत दुसरा भेटला नसता. नकाशा तसाच हाये. ज्यानं नेली त्याले घरं बुडवायची नोती. त्याले फक्त नावं पाह्यजे होती."

"नावं कोणाला काय करायची?"



दुपारपर्यंत वस्तीतल्या तरण्या माणसांनी घरं धुंडाळली. कणग्या उपसल्या, ताटव्यांच्या फटीत हात घातले, एकानं तर कोंबडीला अंड्यांवरून उठवलं. यादी मिळाली नाही.

"सगळी घरं पाह्यली?" मनसारामभाऊंनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं.

"सगळीच जी. गोकुळाचं तेवढं सोडलं. तिच्या दारी निंब लागला हाये. पोट्टीले माता आली म्हणते."

यात विचारण्यासारखं काही नव्हतं. घरात माता, म्हणजे देवी, आली की दाराला कडुनिंबाची डहाळी लावतात. मग त्या उंबऱ्याच्या आत परकं पाऊल पडत नाही. घरात तळण नाही, फोडणी नाही, मोठा आवाज नाही, की माता कोपते. बत्तीस वर्षं देवी टोचणारा माणूससुद्धा निंब पाहिला की परत फिरायचा.

मनसारामभाऊ मात्र जागच्या जागी उभे राहिले. "कोणत्या पोट्टीले?"

"तिची एकच तर उरली. रुखमा."

त्यांनी छत्री काखेत मारली आणि ते चालायला लागले.

४

गोकुळा आणि वारलू हे मूलकडचं ढिवर जोडपं. वारलू आरागिरणीत लाकडं ओढायचा, गोकुळा शहरात मासे विकायची. घरात म्हातारी सासू देवकाबाई आणि नऊ वर्षांची रुखमा. मागच्या चैत्रात या घरात तीन लेकरं होती. मग साथ आली. मुखरू आणि चिंगी आठवड्याच्या आत गेली. रुखमा उठली, पण चेहरा वणांनी भरून उठली.

मनसारामभाऊ दारासमोर आले आणि डोळे बारीक करून डहाळीकडे पाहू लागले. पानं हिरवीगार होती, मध्ये जांभळट फुलांचा एक तुरा लोंबत होता. निंबाची फुलं पांढरी. निंबाच्या काडीला दोन्ही अंगांनी नुसती पानं लागतात. या काडीला आणखी काड्या फुटल्या होत्या आणि मग पानं. हा निंब नव्हता, बकाण होता. दुरून दोन्ही सारखेच दिसतात, पण ज्यानं हजार दारांवरचे निंब पाहिले, त्याला कोण फसवणार?

आणि त्याच वेळी आतून चर्रर्र असा आवाज आला. पाठोपाठ जवसाच्या तेलातल्या लसणाचा वास.

मातेच्या घरात फोडणी!

"गोकुळाबाई," ते बाहेरूनच म्हणाले, "मी मनसाराम. येऊ का आत?"

आतला उलथन्याचा आवाज थांबला. गोकुळा पदराला हात पुसत दारात आली. "माता आली जी घरात. येऊ नोका."

"कोणाले आली?"

"रुखमीले."

"माय, जिले एकदा आली तिले पुन्हा येत नाई. रुखमीले मी मागच्या साली डोळ्यानं पाह्यली. तुह्या सासूच्या तोंडावर लहानपणचे वण हायेत, वारलूच्याही हायेत. तुह्या दंडावर माह्याच हातची टोचण हाये, तू मायच्या कडेवर होती तवाची. या घरात माता आता कोणालेच येऊ शकत नाई." त्यांनी डहाळीला हात लावला. "आन् हा निंबही नाई. काऊन गं, बकाण काऊन लावला?"

गोकुळा उंबऱ्यावरच बसली.

"खरा निंब लावायची हिंमत नाई झाली," ती म्हणाली. "मागच्या चैतात तुमी सुई घेऊन आले, तवा खरा लावला होता मी. टोचलं का लेकराले ताप येते म्हणे, म्हणून दरसाली लेकरं लपवत होती. तुमी परत जावं म्हणून माता नसतानाच लावला. तुमी गेले. अन् आठव्या दिवशी माता खरीच आली जी. म्याच तिले बलावली. दोघं घेऊन गेली."

मनसारामभाऊंना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, त्या दिवशी या घरात आधीच माता होती, आपण उशिरा पोचलो. वर्षभर ते तसंच स्वतःला समजावत होते. त्यांच्या टोचणीच्या वहीत बांबूपुऱ्यातलं प्रत्येक पोर होतं, फक्त या घरातली तीन नव्हती.

ते तिच्या शेजारी, ओट्यावर बसले.

"तू बलावली नाई," ते म्हणाले. "पानानं माता येत नाई आन् जातही नाई. चुकलं त मीच चुकलो. बत्तीस वर्सांची सवय, निंब दिसला का पाय मागं. एक डाव वाकून पाह्यलं असतं, एक डाव हाक मारली असती, जशी आज मारली. यादी कुठी हाये?"

गोकुळा उठली. माशांच्या टोपलीखालून, स्वच्छ लुगड्यात गुंडाळलेली यादी तिनं आणून दिली. एकही पान दुमडलं नव्हतं.

"बाईनं काल वाचली. आमच्या घरापाशी आली अन् थांबली. आंधी सहा माणसं होती म्हणे, आता चार, म्हणून नाव कमी. मले वाचता नाई येत जी, पण दोन नावांवर लाल रेघ दिसली. मंग सगळे बाहेर गेले. मले वाटलं, या कागदाबिगर माह्या लेकरांची नावं कुठीच लिहिली नाईत. शाळेत गेले नोते, तुमच्या वहीत नोते. घडीभर पाहून आज परत ठेवीन म्हटलं. तं सकाळी चैतूले धरलं, घरं धुंडाळू लागले, अन् माही पाचावर धारण बसली."

"कोणतं पान होय?"

तिनं पान उघडलं. बरोबर तेच. अक्षर न येणाऱ्या बाईनं त्या दोन ओळी इतक्या वेळा पाहिल्या होत्या, की बोट आपोआप तिथं गेलं.

मनसारामभाऊंनी वाचून दाखवलं. "मुखरू वारलू, वय सहा. चिंगी वारलू, वय तीन."

आतून वास येत होता. फोडणी करपू लागली होती.

"जा, पाहा," ते म्हणाले. "भाजी जळते."

५

यादी परत आली तेव्हा वच्छलाबाईंनी ती छातीशी धरली. कुठं मिळाली, म्हणून सगळ्यांनी गलका केला.

"जिथी कोणी पाहून राह्यलं नोतं तिथी," मनसारामभाऊ म्हणाले. "चैतूनं नेली नोती, बिरजूनंही नाई. ज्यानं नेली त्यानं जपून ठेवली, एक डाग पडू दिला नाई. याच्यावर ज्याले विचारायचं असन त्यानं आंधी चैतूपाशी जाऊन माफी मागावी. मंग माह्यापाशी यावं."

चैतूकडे तीन माणसं गेली. मनसारामभाऊंकडे कोणी आलं नाही. वच्छलाबाईंनी यादीतून येणारा माशांचा बारीकसा वास घेतला, गोकुळाच्या दाराकडे पाहिलं, डहाळी नाहीशी झालेली पाहिली आणि त्याही गप्प राहिल्या. अशी बाई वस्तीला मिळायला भाग्य लागतं.

गुरुवारी बाराला दहा मिनिटं असताना साहेब आले. एकेचाळीस कुटुंबांची नावं झाली. प्रत्येकजण पुढे आला, अंगठा जुळवून गेला. मग साहेबांनी विचारलं, "बेचाळिसावं घर कोणाला?"

बिरजू एक पाऊल पुढे सरकला. मनसारामभाऊंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"साहेब," मनसारामभाऊ म्हणाले, "वारलू ढिवराचं कुटुंब पंचेचाळीस सालापासून इथी हाये. माणसं चार होती, आता पाच हायेत."

"पाचवं कोण?"

"मी."

वच्छलाबाईंची लेखणी थांबली. गर्दीत मागे उभी असलेली गोकुळा पुढे पाहतच राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

साहेब हसले. "तुम्ही यांचे कोण?"

"नात्यानं कोणी नाई. पण तुमचा नियम नात्याचा नाई, चुलीचा हाये. एका चुलीवर जेवणारी पाच माणसं. मीही अडतीसपासून इथीच राह्यतो. माही चूल मी आज सकाळी मोडली. पाह्यजे त येऊन पाहा, दगड अजून गरम असतीन." मग ते गोकुळाकडे वळले. एवढा वेळ ठामपणे बोलणाऱ्या या माणसाचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "म्हणजे, तिनं हो म्हटलं त. नाई म्हटलं त मी माही चूल पुन्हा मांडीन."

साहेबांनी गोकुळाला विचारलं, "बाई, हे तुमच्या चुलीवर जेवतात का?"

गोकुळानं पदर डोक्यावर नीट ओढला. वारलूकडे पाहिलं, म्हाताऱ्या देवकाबाईकडे पाहिलं. देवकाबाईनं मान हलवली.

"जेवतेत जी," गोकुळा म्हणाली. "पण आजपासून. कालपर्यंत नोते."

साहेबांनी नियमाचा कागद वर-खाली वाचला. "कधीपासून जेवायला हवं, हे यात लिहिलेलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

वच्छलाबाईंनी पान उघडलं. मुखरू आणि चिंगी यांच्या नावांवर दोन लाल रेघा होत्या. त्याखाली त्यांनी काळ्या शाईनं लिहिलं: मनसाराम, वय एकसष्ट, टोचणीवाला. मग वरच्या दोन्ही नावांपुढे, नियमात नसताना, आपल्या मनानं तीन शब्द घातले, "इथेच राहत होते." गोकुळाला त्यांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

त्या दुपारी बांबूपुऱ्यात एकशे सत्तेचाळीस चुली पेटल्या. गोकुळाच्या दाराला काहीही लावलेलं नव्हतं. मनसारामभाऊ छत्री बाहेर टेकवून, टोपी काढून, वाकून आत गेले. तेरा वर्षांत या उंबऱ्याच्या आत त्यांचं पहिलंच पाऊल होतं. रुखमानं त्यांच्यासाठी पाट ठेवला. गोकुळानं तेल तापवून लसूण टाकला, चर्रर्र आवाज झाला आणि धुरानं म्हाताऱ्याला ठसका लागला.

"जास्त झाली का जी फोडणी?" तिनं विचारलं.

"नाई माय," मनसारामभाऊ डोळे पुसत म्हणाले. "वाढ."